साडेसहाची भरती

सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला तेव्हा मी त्याखाली लिहिलं, "हा डोंबिवलीचा नाही." पाठवणाऱ्याने तर आपल्या खाडीत ऑर्का आल्याचं ठोकून दिलं होतं. समुद्रातला तो अजस्र काळापांढरा प्राणी म्हणे रेतीबंदरच्या धक्क्यापाशी आलाय! हल्ली कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते बनवतात. मी व्हिडिओ मोठा करकरून पाहिला. मागे नवा पूल दिसत होता, त्याचे खांबही खरे वाटत होते. तरी मी माझं वाक्य मागे घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र फिरायला जाते असं नवऱ्याला सांगून गुपचूप धक्क्यावर गेले.

ऑर्का नव्हताच, तेवढं माझं बरोबर निघालं. राखाडी पाठ, पोटाकडे गुलाबी झाक आणि पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेला एक डॉल्फिन होता. एकटाच. आमच्या त्या चहाच्या रंगाच्या पाण्यातून तो वर आला, फुस्स करून श्वास सोडला आणि परत खाली गेला. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि पुढचा तासभर जागची हलले नाही.

माझा स्वभाव संशयी आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. तीस वर्षं मी एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. समोर आलेल्या प्रत्येक बाटलीवर शंका घ्यायचा मला पगार मिळत होता. माझी सही होईपर्यंत माल हलत नसे. गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर विडी ओढतोय, मॅनेजर तिसऱ्यांदा फोन करतोय आणि मी शांतपणे ब्यूरेटच्या काचनळीतून थेंब सोडतेय, हे दृश्य मला मनापासून आवडायचं. रिटायर झाल्यावर नवरा म्हणाला, "आता आराम कर." आराम म्हणजे कोणी आपली वाट बघत नसणं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

तिसऱ्या दिवशी वनखात्याची एक तरुण अधिकारी धक्क्यावर आली. मी तिचं ओळखपत्र मागितलं, तिने हसून दाखवलं. ती म्हणाली, "काकू, हे कळपात राहणारे प्राणी. हा चुकून वर आलाय. खाडीत त्याला मासे मिळतात, पण सोबत नाही. असा एकटा पडलेला डॉल्फिन सोबतीसाठी होड्यांच्या, माणसांच्या मागे लागतो. माणसाची सवय लागली की संपलं. मग एक दिवस होडीच्या पंख्याखाली येतो." तिला रोज नोंद ठेवणारं कोणीतरी हवं होतं: कधी दिसला, किती श्वास घेतले, किती अंतरावर होता, जवळ कोण होतं. खायला घालायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, कोणी तसं करताना दिसलं तर कळवायचं. उधाणाच्या मोठ्या ओहोटीबरोबर तो आपणहून समुद्राकडे जाईल अशी तिला आशा होती.

मी लगेच हो म्हटलं. तिने दिलेली वही बाजूला ठेवून घरून माझी जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि रकाने आखले.

दुसऱ्या दिवसापासून मी साडेसहाला धक्क्यावर हजर. पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या आहेत, विसर्जनाला वापरतात त्या. बाजूला लोखंडी पाइपचा कठडा पार पाण्यात गेलेला. शेवटच्या कोरड्या पायरीवर वर्तमानपत्र टाकून मी बसायची. डॉल्फिन कधी उगवेल याचा नेम नसे. पहिल्या दिवशी सातला आला, मग पावणेआठला, मग साडेआठ उलटून गेल्यावर, मग सव्वानऊला. मी डबा आणि छत्री घेऊन वाट बघत बसे. आला की श्वास मोजायचे. मोजताना चुकू नये म्हणून प्रयोगशाळेतली माझी सवय उपयोगी पडली. तिथे मी थेंब मोजताना पेनाने टेबलावर टिचकी मारायची. इथे घराच्या किल्लीने कठड्यावर मारायची. एक श्वास, एक टक्. दुसरा श्वास, दुसरी टक्.

आणि धक्क्यावरच्या माणसांवर नजर. निर्माल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकायला येणाऱ्यांना मी हाकलून लावलं. ज्योतिषाने सांगितलं म्हणून माशांना कणकेचे गोळे घालणाऱ्या एका जोडप्याला सुनावलं. पण माझी खरी शंका एकाच माणसावर होती.

सत्तरीचा असेल. खाडीकाठच्या जुन्या गावातला. अर्धी चड्डी, बनियन आणि गळ्यात करंगळीएवढी जाड सोन्याची साखळी. त्याची छोटी होडी धक्क्याला बांधलेली असायची. चौकशी केली तर कळलं, याच्या वडिलांची मिठागरं होती, आता त्या जागेवर इमारती आहेत आणि त्यातल्या एकीत हा वरच्या मजल्यावर राहतो. घरात लिफ्ट असलेला माणूस या गारठ्यात गुडघाभर चिखलातून खाडीत कशाला जातो? कुठेतरी पाणी मुरत होतं. त्याच्या होडीत एक बादली असायची, तिच्यावर गोणपाट झाकलेलं. झाकून नेण्यासारखं काय आहे?

मी एकदा सरळ विचारलं, "काका, बादलीत काय आहे?"

"चिंबोऱ्या. देऊ का?"

"मी खेकडे खात नाही. झाकल्यात कशाला?"

"उरी मारतान, बाय. कनाला इचारतंस?"

मला पहिल्या भेटीत अगं-तुगं केलेलं आवडत नाही. त्यात त्याने डॉल्फिनकडे बघून तोंड वाकडं केलं. म्हणाला, "ह्यो आयल्यापासून जाल्यात जिताडा गावत नाय. कवा जातोय कोन जाने." मी वहीत लिहिलं: प्राणी जावा अशी इच्छा बोलून दाखवली.

पण सगळ्यात मोठा पुरावा होता वेळेचा. हा माणूस रोज वेगळ्या वेळी यायचा. सोमवारी सव्वासहाला, माझ्याही आधी, तसं त्यानेच सांगितलं. मंगळवारी सातला. बुधवारी पावणेआठला. गुरुवारी साडेआठला. रोज बरोबर पाऊण तास पुढे. सरळ धंद्याचा माणूस ठरलेल्या वेळेला येतो आणि ठरलेल्या वेळेला जातो. वेळ बदलतो तो नजर चुकवणारा. कारखान्यात एक स्टोअरकीपर असाच वेळा बदलून यायचा आणि शेवटी डब्यातून काय नेताना सापडला ते सगळ्या कंपनीने पाहिलं. मी या काकांच्या वेळांखाली लाल शाईने रेघा मारल्या. माझी खात्री झाली की हा डॉल्फिनला लांब नेऊन मासे चारतोय. माणसाळवणार, आणि मग डोंबिवलीकरांना होडीतून डॉल्फिन दाखवत फिरणार. किंवा त्याच्याहून वाईट, जाळ्यात घेणार.

दुसऱ्या आठवड्यात डॉल्फिनला जरा शिस्त लागली. तो पावणेसातच्या आसपास यायला लागला. मला फार बरं वाटलं. नवऱ्याला म्हटलं, "शेवटी डोंबिवलीच्या पाण्याचा गुण. वेळ पाळायला शिकला." तो आता जवळ यायचा, पायरीपासून दहा हातांवर. एका कुशीवर होऊन एक डोळा पाण्याबाहेर काढायचा. मी हाक मारत नसे, हात हलवत नसे, काही टाकत नसे. नियम म्हणजे नियम. फक्त मोजत बसायची. श्वास, टक्. श्वास, टक्. घरी आले की दिवसभर मूड चांगला असायचा, भाजीवालीशी घासाघीस करायची राहून जायची. एवढं मी आता कबूल करते, तेव्हा केलं नसतं.

मग एका सकाळी तो आला तो पाठीवरचा पर फाटलेला. वरच्या टोकाला ताजी चीर, आतलं लालभडक मांस दिसत होतं. ओहोटी लागलेली होती, दोन्ही काठांचा चिखल उघडा पडला होता आणि मधल्या अरुंद पाण्यात तो माझ्या पायरीकडे तोंड करून थांबला होता. श्वास मोजताना दोनदा चुकले. धक्क्याला काकांची होडी बांधलेली होती, मी जाऊन तिचा पंखा पाहिला. पात्यावर चिखल वाळलेला. धुऊन मग वर चिखल फासला असणार, मी मनात म्हटलं.

त्याच दिवशी मी अधिकारीबाईला तीन पानी तक्रार लिहून पाठवली. संशयिताच्या येण्याच्या वेळा तारखेनिशी दिल्या. शेवटी लिहिलं की हा इसम पाळत टाळण्यासाठी रोज पाऊण तासाने वेळ पुढे ढकलतो, याची गंभीर दखल घ्यावी.

दोन दिवसांनी ती आली. काकांनाही बोलावलं होतं. ते धक्क्यावर कठड्याला टेकून उभे होते, मी वही छातीशी धरून. तिने माझी तक्रार त्यांना वाचून दाखवली. मला वाटलं माणूस भडकेल, आरडाओरडा करेल. ते तर इतके हसले की त्यांना खोकला आला.

"बाय," ते म्हणाले, "ह्यो काय हापिसाचा टायम हाय का? भरती आल्याबिगर होरी चिखलातून निघल का माजी? अष्टमीला भरती सकाली. दुसऱ्या दिशी पाऊन घंटा उशीर. तिसऱ्या दिशी आजून पाऊन घंटा. पुनवेला पार दुपार. आमचा सगला कारभार तिथीवर. तू चतुर्थी करतंस ना?"

"करते," मी म्हटलं.

"मंग चांद रोज एकाच टायमाला उगवतो का?"

दर संकष्टीला कॅलेंडरात चंद्रोदय बघून, गच्चीत ताट घेऊन उभी राहणारी बाई मी. चंद्र रोज उशिरा उगवतो हे मला पाठ होतं. खाडीचं पाणी त्याच्याच मागे चालतं, हे चाळीस वर्षं खाडीकाठच्या गावात राहून माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आमच्यासारख्यांच्या लेखी खाडी म्हणजे गणपती बुडवायची जागा. मी सपशेल तोंडघशी पडले होते. पण खरं पुढेच होतं.

अधिकारीबाई वही चाळत होती. काकांचा रकाना सोडून ती डॉल्फिनच्या रकान्यावर आली. बोट खाली खाली सरकवत वाचत गेली आणि एका ठिकाणी थांबली. मागे गेली, परत वाचलं.

"काकू, पहिले आठ दिवस तो भरतीबरोबर येतोय. काकांसारखाच, रोज पाऊण तास उशिरा. मग इथून बघा. पावणेसात. सहा चाळीस. सहा चाळीस. पावणेसात. भरती असो की ओहोटी." तिने वर पाहिलं. "तुम्ही इथे किती वाजता येता?"

"साडेसहाला," मी म्हटलं. "बिनचूक."

मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, की इथे बसून मी नक्की काय काय करते. मी किल्ली काढली आणि दाखवलं. कठड्यावर टक्, टक्. पाइप पाण्यात उतरलेला होता. आवाज खाली जाताना मला त्या क्षणी हाताला जाणवला.

तो श्वास घेई आणि मी उत्तर देत असे. रोज तासभर. या अख्ख्या खाडीत त्याला उत्तर देणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून तो पाण्याचं वेळापत्रक सोडून माझं पाळायला लागला होता. ओहोटीला मधल्या अरुंद पाण्यात, जिथून सगळ्या होड्या आणि रेतीच्या बार्ज जातात, तिथे तो माझ्यासाठी येऊन थांबत होता. पराची चीर तिथली होती. मी सगळ्यांवर पाळत ठेवली आणि त्याला माणसाची सवय लावणारा माणूस पायरीवर वर्तमानपत्र टाकून बसलेला होता.

अधिकारीबाईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. तिने पायऱ्यांना दोर बांधून धक्का बंद करवला आणि मला सांगितलं, "अमावास्येच्या उधाणापर्यंत कोणीच यायचं नाही. तुम्ही तर अजिबात नाही." मग लक्ष कोण ठेवणार? "काका रोज जातातच," ती म्हणाली. मी काकांकडे पाहिलं. ज्याच्याविरुद्ध तीन पानं लिहिली त्याच्या हाती सोपवून मी घरी जायचं होतं. आणि त्याला तर हा प्राणी खाडीत नकोच होता!

पहिले दोन दिवस मी घरात नुसती येरझारा घालत होते. साडेसहाला चहाचं आधण ठेवलं की जीव वरखाली व्हायचा. तिसऱ्या दिवशी काका आमच्या सोसायटीच्या गेटवर आले. वॉचमनने फोन केला, मी खाली गेले.

"येतंय," ते म्हणाले. "तुजे पायरीशी तोंड काढून रेतंय. तासभर होता. तू येव नको."

मला त्यांचं खरं वाटलं नाही. मी नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवलं, लांबून बघून ये म्हणून. तो तासाभराने आला. म्हणाला, दोर बांधलाय, काही दिसलं नाही. त्याच्या बुटांना धूळसुद्धा नव्हती आणि तोंडाला मिसळीचा वास येत होता. या घरात मीच एकटी नोंद ठेवायच्या लायकीची आहे, हे पुन्हा सिद्ध झालं.

काका दिवसाआड येत राहिले. पाऊण तास थांबला. अर्धा तास थांबला. त्यांना बोलायची हौस नव्हती, दोन वाक्यं सांगून जायचे. मी उलटसुलट विचारायची: कुठल्या बाजूला? किती जवळ? जखम कशी आहे? त्यांचं उत्तर कधी बदललं नाही, आणि त्याचाही मला संशय आला. इतकं पाठ केल्यासारखं कोण सांगतं?

सहाव्या दिवशी मला राहवलं नाही. सव्वासहाला चप्पल घालून निघाले. धक्क्याच्या अलीकडे विसर्जनाच्या मंडपाची पत्र्याची शेड आहे, तिच्या मागे उभी राहिले. दोर दहा पावलांवर होता. पाणी दिसत नव्हतं. आणि मग ऐकू आलं. फुस्स. थोड्या वेळाने परत. फुस्स. अगदी पायरीजवळ. दोन श्वासांच्या मध्ये तो नेहमीपेक्षा जास्त वेळ वर थांबत होता, ते मला न बघता कळलं, इतकी मला त्याची सवय झाली होती. मुठीत किल्ल्यांचा जुडगा मी असा आवळून धरला होता की तळव्यावर वळ उठले. माझी इतकी वाट आयुष्यात कोणी पाहिली नव्हती. कारखान्यातले ट्रक माझ्या सहीची वाट बघायचे, माझी नाही. दहा पावलं. मी उलटी फिरले आणि रिक्षा स्टँडपर्यंत अक्षरशः पळाले. रिक्षावाला विचारत होता कुठे जायचं, आणि मला रडू आवरत नव्हतं.

अमावास्या झाली. त्या दिवशी काका आले नाहीत. दुसऱ्याही दिवशी नाहीत. माझ्या मनात नको ते यायला लागलं. जाळं टाकलं असेल. जखम चिघळली असेल आणि सांगायचं टाळत असतील. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेटवर दिसले तेव्हा मी चप्पल न घालताच खाली गेले.

"गेला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"समुद्राकरं. काल दुपारच्या उधानाच्या ओहोटीबरोबर. मी होरी घेऊन मागं मागं गेलतो, पार वळणापर्यंत. थांबला नाय."

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"मंग?"

"तुम्हाला तर तो नकोच होता." हे बोलायला नको होतं, पण बोलून गेले.

त्यांनी राग धरला नाही. "नको होता," ते म्हणाले. "पन पंख्याखाली मेलेला बी नको होता."

माझ्याकडे एकही सॅम्पल नव्हता. होता तो फक्त त्यांचा शब्द. ते जायला वळले आणि मग काहीतरी आठवल्यासारखे थांबले.

"जायच्या दिशी सकाली आयलेला. साडेसहाला. तुजे पायरीशी."

"किती वेळ होता?"

"पाच मिनटं. तू नाय दिसली, मंग वलला नि गेला. तू असतीस तं गेला नसता, बाय."

मी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहत होते, तीस वर्षांच्या सवयीने. माझी समजूत घालायला खोटं बोलणारा माणूस अर्धा तास म्हणाला असता. निदान पंधरा मिनिटं तरी. पाच कोणी म्हणणार नाही. म्हणजे तो खरोखर गेला होता, जिवंत, आपल्या पाण्याच्या वेळेने. मी हेच तर मागत होते. मी काकांना "बरं झालं" म्हटलं, आणि ते गेल्यावर वॉचमनच्या खुर्चीत बसून राहिले, कारण पाचच मिनिटं, ही गोष्ट मला सहन होत नव्हती.